मोठ्या बोअरची रायफल कोकणात सांभाळताना

कोकणात बंदूक म्हटली की ठासणीची, नाहीतर बारा बोअरची एकनळी. माकडं आणि रानडुकरं बागेत शिरतात, म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना काढलेला असतो. बहुतेक घरांचा बंदुकीशी एवढाच संबंध. पण काही जुन्या घरांत कपाटात भलतंच काही उभं असतं: .३७५ मॅग्नम, .४०४ जेफ्री, .४२३ माउझर (हे आकडे म्हणजे ढोबळमानाने बोअर, नळीच्या आतल्या व्यासाचं इंचातलं माप). शिकारीला बंदी नव्हती तेव्हा आजोबा-पणजोबांनी घेतलेली बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे बोल्ट ही मागची कडी हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायची. आता ती मुंबईत नोकरी करणाऱ्या नातवाच्या गळ्यात पडते आणि तिचं नेमकं काय करायचं हे त्याला कुणी सांगत नाही. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी.

ज्यांना नव्याने घ्यायची आहे त्यांना आधीच सांगतो. डुकरासाठी घेत असाल तर मोठ्या बोअरच्या वाटेला जाऊ नका. इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल किंवा साधी बारा बोअर त्या कामाला पुरून उरते. .३७५ ची गोळी साधारण ३०० ग्रेनची, म्हणजे १९ ग्रॅमच्या वर, आणि नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या पुढे. चुकली तर ती काही किलोमीटर जाऊ शकते. आपल्याकडे वाड्या विखुरलेल्या, मध्ये पायवाटा, गुरं, काजूच्या बागेत काम करणारी माणसं. त्यात कातळाचा सडा. कातळावर आपटलेली गोळी कुठल्या दिशेने उसळेल याचा भरवसा नाही. पाठीमागे मातीचा उंच बांध किंवा डोंगराची कूस नसेल तिथे ही रायफल उचलायचीच नाही.

आधी कागद

परवानाधारक वारला की परवाना संपला. रायफल मात्र कपाटात तशीच राहते आणि त्या दिवसापासून ती घरातल्या कुणाच्याच नावावर नसते. तेरावं होऊ दे, मग बघू, असं इथे चालत नाही. सर्वांत आधी ती पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या गन हाऊसमध्ये (शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात) जमा करा. पावतीवर मेक, बोअर, नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. त्यानंतर वारस म्हणून अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्र असा हा गठ्ठा. ना-हरकतीवर लग्न होऊन गेलेल्या बहिणीचीही सही लागते. सातबाऱ्यावरून अबोला असलेल्या घरांत प्रकरण इथेच अडतं, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

म्हणून वडील हयात असतानाच हे उरकलेलं बरं. शस्त्र नियम २०१६ मध्ये तशी सोय आहे. परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा त्याने सांगितलेल्या वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. वडिलांची सही हयातीत मिळाली की पुढचे निम्मे हेलपाटे वाचतात.

अर्ज तुम्ही राहता तिथे करायचा. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडात जिल्हाधिकारी कार्यालय. मुंबई किंवा ठाण्यासारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर पोलीस आयुक्त. घर गावाला आणि आधार कार्ड डोंबिवलीचं असेल तर कोणता पत्ता परवान्यावर येणार आणि रायफल नक्की कुठे राहणार, हे अर्ज करण्याआधीच ठरवा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. आजोबांची एकनळी आणि स्वतःचं पिस्तूल आधीच नावावर असेल तर रायफलसाठी जागाच उरत नाही. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी गेला पाहिजे. ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रायफल नक्की कोणती आहे

घरात सगळे ‘तीनशे पंचाहत्तर’ म्हणतात, पण तेवढं पुरेसं नाही. हॉलंड अँड हॉलंड या इंग्लिश कंपनीने १९१२ साली काढलेल्या .३७५ मॅग्नमच्या काडतुसाला बुडापाशी पट्टा असतो. त्याच घराण्याचं दुनळी रायफलींसाठीचं काडतूस कडेवाल्या बुडाचं असतं. त्याशिवाय त्याच आकड्याची आणखी जुनी, कमी ताकदीची काडतुसंही आहेत. ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. .४०४ जेफ्री आणि .४२३ माउझर यांचा घोटाळा तर नेहमीचा. दोन्हींच्या गोळीचा व्यास जवळजवळ सारखा, पण काडतुसं सर्वस्वी वेगळी. डब्यावरच्या चिठ्ठीवर किंवा आजीच्या आठवणीवर विसंबू नका. नळीवर, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या मागच्या भागाच्या) जवळ, जे कोरलं आहे ते वाचा, आणि ते परवान्यावरच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा. कोरलेलं पुसट झालं असेल तर परवानाधारक गनस्मिथकडून चेंबरचं माप काढून घ्या. गावच्या लोहाराकडे रायफल नेऊ नका. हात कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना नसतो, त्यामुळे तोही अडकतो आणि तुम्हीही.

.३१५ असेल तर गोष्ट सोपी. इंग्रजांना लष्करी .३०३ चं काडतूस सामान्य लोकांच्या हाती द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांच्याच लष्करी ली-एनफिल्ड रायफलीच्या बांधणीवर हे ८ मिलिमीटरचं नागरी बोअर बसवलं गेलं. या रायफलीत बोल्टवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे ना ते बघा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवलेला असेल तर काडतुसाच्या बुडामागची जागा कमी-जास्त होते, आणि तपासून घेतल्याशिवाय तशी रायफल चालवायची नाही.

काडतुसांचं सांगायचं तर .३१५ ची देशात बनतात. खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का बुडावर दिसतो. .३७५ आणि त्यावरची बाहेरून आलेली, त्यामुळे दुर्मीळ आणि महाग. आजोबांच्या डब्यातली पितळेवर हिरवा कळंक चढलेली, मानेला चीर गेलेली काडतुसं वापरू नका. विहिरीत किंवा खाडीत टाकूनही देऊ नका. ती नोंदीतली आहेत. गन हाऊसला किंवा ठाण्यात द्या आणि पावती घ्या.

हातात घेताना

रिकामी आहे असं कुणीही सांगितलं तरी तपासायचं. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. मॅगझिन रिकामं करा, बोल्ट पूर्ण मागे ओढा. चेंबरमध्ये नुसतं पाहू नका, करंगळी घालून चाचपा. मग बोल्ट बाहेर काढा आणि मागच्या बाजूने नळीतून उजेडाकडे बघा.

हे शेवटचं कोकणात फार महत्त्वाचं. कुंभारीण माशी आपल्याकडे कुलपाच्या भोकापासून स्विचबोर्डापर्यंत कुठेही मातीचं घर करते. नळीचं तोंड तर तिच्यासाठी आयती जागा. आठवडाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या बंदुकीच्या नळीत सुकलेल्या मातीचा गोळा आणि त्यात भरून ठेवलेले कोळी मी काढले आहेत. एवढ्याशा मातीने बार काढताना नळी फुटू शकते. दर वेळी काडतूस घालण्याआधी नळीतून आरपार गोल उजेड दिसलाच पाहिजे. माशी येऊ नये म्हणून तोंडात चिंधी कोंबून ठेवणं हा उपाय नव्हे. चिंधी ओल धरते आणि एक दिवस ती काढायची राहून जाते.

गंज

नव्या मालकाला सगळी भीती खांद्याला बसणाऱ्या लाथेची. मोठ्या बोअरची रायफल कोकणात मरते ती मात्र हवेने. देवगड-मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर खारा वारा, सावंतवाडी-दोडामार्गाकडे चार महिने दमट अंधार. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे भिंतीवरचा फोटोसुद्धा बुरशीपासून सुटत नाही, मग पोलादाची काय कथा.

जागेपासून सुरुवात करा. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, पावसात ती भिंत आतून पाझरते. मधल्या खोलीत, आतल्या भिंतीला, चार बोटं अंतर सोडून लोखंडी कपाट. काडतुसं वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या कुलपात. रायफल जुन्या कातडी किंवा बनातीच्या पेटीत ठेवायचा मोह होतो, कारण पेटी देखणी असते. पेटी दिवाणखान्यात शोभेला ठेवा, रायफल तिच्यात नको. कातडं आणि बनात ओल शोषतात आणि ती थेट पोलादाला चिकटवून धरतात. खांद्याचा कातडी पट्टाही जूनपूर्वी काढून वेगळा ठेवा.

कपाटात सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या हव्यात, बुटाच्या खोक्यात येते तसली चिमुकली पुडी नव्हे. निळे दाणे ओल प्यायले की गुलाबी होतात. मंद आचेवर तव्यात परतले की पुन्हा निळे. तवा स्वयंपाकाचा घेऊ नका. घरात वीज टिकत असेल तर कपाटाच्या तळाशी छोटा दिवा लावायची जुनी पद्धतही चांगली, आतली हवा किंचित ऊबदार राहिली की ओल धरत नाही. आमच्याकडे पावसात वीज टिकतेच असं नाही, त्यामुळे माझा भर दाण्यांवर.

तेलाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण चूक इथेच होते. कोकणी घरात कुरकुरणाऱ्या कशालाही खोबरेल लावतात. रायफलीला लावू नका. ते हळूहळू चिकट होतं, धूळ धरतं, आणि पारा २४ अंशांच्या खाली गेला की गोठायला लागतं. डिसेंबरातल्या पहाटे बोल्टच्या आत, फायरिंग पिनच्या स्प्रिंगभोवती ते साकळलेलं असलं की पिन जोराने आपटत नाही आणि काडतूस उडत नाही. बंदुकीचं पातळ खनिज तेल आणा आणि तेही पुसट लावा. बोल्टच्या आत जवळजवळ कोरडंच ठेवा. बाहेरच्या पोलादावर पावसाळ्यापुरता मेणाचा पातळ थर तेलापेक्षा जास्त टिकतो. रायफल कपाटात नळी खाली करून उभी ठेवली तर जादा तेल लाकडात उतरत नाही. तेल पिऊन मऊ पडलेला दस्ता मोठ्या बोअरच्या धक्क्याने मागच्या कोपऱ्यात तडकतो.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा काढून बघायची. पहिली लाली कुठे येते ते माहीत असलं की दोन मिनिटांचं काम. बोल्टच्या मुठीवर (तिथे हात लागतो), स्क्रूच्या खाचांत, पट्ट्याच्या कड्यांपाशी, आणि नळी जिथे लाकडात शिरते त्या रेघेवर. बारीक तांबूस पूड दिसली तर तेल लावलेल्या कापडाने हलक्या हाताने. घासपेपर नाही, विम पावडर नाही. वरचा काळपट-निळा रंग एकदा गेला की तेवढीच जागा दर पावसाळ्यात गंजते. पाहुण्यांनी हाताळली की लगेच पुसा. घामाच्या बोटांचे ठसे चार दिवसांत पोलादावर उमटून वर येतात, अगदी रेघांसकट.

नळी साफ करताना रॉड मागून घालायचा, बोल्ट काढून. पुढून घातला तर तोंडाची कड झिजते आणि नेम तिथेच बिघडतो. सॉल्व्हंटची चिंधी, थोडा वेळ थांबून ब्रश, मग कोरड्या चिंध्या पांढऱ्या बाहेर येईपर्यंत, शेवटी तेलाची एकच. वापरण्याआधी ते तेलही कोरड्या चिंधीने काढा. तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते आणि तेलकट चेंबरमुळे बोल्टवर ताण वाढतो. जुन्या विलायती काडतुसांचा प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) क्षारयुक्त असायचा. ती वापरली गेली असतील तर नुसत्या तेलाने भागत नाही. तो क्षार मिठासारखा ओल ओढतो आणि तेलाखालीही नळी खातो. नरसाळं लावून मागून उकळतं पाणी ओतायचं, नळी हाताला चटका बसण्याइतकी तापली की ती आपोआप सुकते, मग लगेच तेल.

दस्ता अक्रोडाचा असतो आणि पावसात फुगतो. मे महिन्यात बरोबर लागणारी रायफल ऑगस्टात चार बोटं बाजूला लागली तर दुर्बिणीला दोष देण्याआधी लाकूड कुठे नळीला टेकतंय ते बघा. कागदाची पट्टी नळी आणि लाकडाच्या मधून सरकवली की अडते ती जागा सापडते. लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल, तळहाताने चोळून, अगदी थोडं. दुर्बीण असेल तर ती काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर. आतल्या भिंगावर बुरशी चढली की ती पुसायला कुणालाच पोचता येत नाही.

चालवायला शिकणं

सराव अधिकृत रेंजवरच. मोठ्या बोअरला परवानगी असलेली रेंज कोकणात सहज मिळत नाही, तेव्हा जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या रायफल असोसिएशनकडे चौकशी करा. बागेत ‘एक बार काढून बघू’ असला प्रकार नको, कायद्यानेही नाही आणि शेजारधर्मानेही नाही. शिमग्यात, लग्नात हवेत बार काढणं हा २०१९ पासून शस्त्र कायद्यात स्पष्ट लिहिलेला गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

.३७५ चा धक्का .३०-०६ या नेहमीच्या शिकारी रायफलीच्या दुपटीच्या आसपास. सहन होतो, पण पद्धत हवी. पोटावर झोपून सुरुवात करू नका, त्या स्थितीत शरीराला मागे सरकायला जागाच नसते. उभ्याने, काठीच्या टेकूवर, रायफल खांद्यात घट्ट ओढून. दुर्बिणीपासून डोळा नीट लांब, नाहीतर भुवईवर अर्धचंद्र कोरला जातो. एका बैठकीत मोजक्याच गोळ्या. खांदा दुखायला लागल्यावरचा प्रत्येक बार वाईट सवय शिकवतो. जोडीदाराला मध्येच एखादं नकली काडतूस भरायला सांगा. चाप ओढताना नळी खाली दचकली की तुमचा दोष तुम्हालाच दिसतो.

बोल्टही शिकावा लागतो. या काडतुसांची लांबी जास्त, त्यामुळे बोल्ट शेवटपर्यंत मागे ओढावा लागतो. हळुवार हाताने अर्धाच ओढला तर रिकामं काडतूस बाहेर पडत नाही किंवा नवीन उचललं जात नाही. रायफल चांगली घडवलेली आहे, जोरात ओढा. चाप ओढूनही बार निघाला नाही तर नळी तशीच समोर ठेवून अर्धा-एक मिनिट थांबा, मगच बोल्ट उघडा.

कशावर चालवता येते

थोडक्यात, बहुधा कशावरच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर त्या कायद्याच्या अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करत असेल तर वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, तोंडी ‘बघून घ्या’ चालत नाही. गवा अनुसूची एकमध्ये, सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत. भातात गवे उतरले म्हणून आजोबांची .४०४ काढायची हौस असेल तर ती तिथेच विसरा. नुकसान झालं की वन खात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईचा रस्ता तोच.

घर बंद करताना, निवडणुकीत, विकताना

गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले, घराला कुलूप आणि रायफल आत कपाटात. असं कधीच करू नका. चोरी झाली तर शस्त्र निष्काळजीपणे ठेवल्याचा जाब तुम्हाला द्यावा लागतो. गावात कायम कुणी परवानाधारक राहणार नसेल तर गन हाऊसमध्ये जमा ठेवा, भाडं पडतं ते पडू दे.

आचारसंहिता लागली की ठाण्यातून जमा करण्याची नोटीस येते. शेतीच्या कारणासाठी सूट मागता येते, मिळतेच असं नाही. जमा करण्याआधी नळीत आणि बाहेरून जाडसर ग्रीस लावा, कारण तिथल्या खोलीत ती किती महिने कशी उभी राहील हे तुमच्या हातात नसतं. चारही बाजूंनी फोटो काढा. दुर्बीण, पट्टा, मॅगझिन पावतीवर वेगवेगळं लिहून घ्या. परत घेताना सही करण्याआधी तिथल्या तिथे बोल्ट काढून नळीतून बघा. मागे उभा असलेला माणूस कंटाळला तरी चालेल.

विकायची असेल तर गिऱ्हाइकाकडे त्या बोअरचा परवाना हवा आणि आधी परवाना कार्यालयाला कळवावं लागतं. परदेशातून शस्त्र आणणं सामान्य माणसाला कित्येक दशकं बंद आहे, त्यामुळे चांगल्या राहिलेल्या जुन्या विलायती रायफलीला गिऱ्हाईक असतं. भाव ठरतो तो नळीच्या आतल्या चकाकीवर आणि मूळ रंग किती शिल्लक आहे त्यावर. पहिला आकडा सांगणाऱ्या दलालाला होय म्हणू नका. दोन गन हाऊसना दाखवा, आणि दाखवायला नेताना मूळ परवाना खिशात असू दे.